हज आणि कुर्बानी : बाह्य विधी व अंतरीचा अर्थ

गिरगावातून ठाकुरद्वार, चिराबाजार आणि धोबीतलावमार्गे क्रॉफर्ड मार्केटकडे पायी जाण्यास अर्धा तास पुरेसा होतो. आज महात्मा जोतिबा फुले मंडई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंडईच्या परिसरात साबू सिद्दिक मुसाफिरखाना आहे आणि तेथून बोरीबंदरच्या दिशेने थोडे पुढे गेल्यावर हज हाउसची उंच वास्तू दृष्टीस पडते. एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत देशाच्या कानाकोपऱ्यांतून मक्केस निघालेले लक्षावधी यात्रेकरू याच भागात उतरले, येथेच त्यांनी शिधा बांधला आणि येथूनच ते बंदराकडे गेले. इतक्या जवळ घडणाऱ्या या घटनेचा अर्थ शेजारच्या मराठी वस्तीस फारसा ठाऊक झाला नाही, ही नवलाची गोष्ट आहे. हजचा संबंध गर्दीशी आणि बकरी ईदचा संबंध बकऱ्यांच्या बाजाराशी व वाहतुकीच्या बंदोबस्ताशी, एवढाच सर्वसाधारण परिचय असतो. शांतता समितीच्या बैठकीस बसणारा सरपंच, वर्गात सणांची माहिती सांगणारा शिक्षक आणि बंदोबस्ताचे आदेश काढणारा अधिकारी यांना मात्र एवढ्या परिचयावर भागवता येत नाही.

हज हे इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एक मानले जाते. उरलेल्या चारांपैकी श्रद्धेची साक्ष, नमाज आणि रमजानचा उपवास ही कर्तव्ये गरीब-श्रीमंत सर्वांवर आहेत. जकात फक्त ज्याच्याजवळ ठरावीक संपत्ती आहे त्याच्यावर आहे. हजला तर आणखी कडक अट जोडलेली आहे आणि या यात्रेचा सारा नैतिक पाया त्या अटीत आहे. अरबीत तिला ‘इस्तिताअत’ म्हणतात. तिचा अर्थ सामर्थ्य असा होतो. परंतु हे सामर्थ्य केवळ तिकिटाच्या पैशाचे नाही. यात्रेकरूने आपले कर्ज फेडलेले असावे. तो परत येईपर्यंत त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या निर्वाहाची तरतूद झालेली असावी. शरीर प्रवास झेपण्याजोगे असावे आणि मार्ग सुरक्षित असावा. यांपैकी काही नसेल, तर हजचे कर्तव्य त्या माणसावर येतच नाही. घर गहाण टाकून किंवा मुलाबाळांना उपाशी ठेवून केलेल्या यात्रेची धर्माने कधीही मागणी केलेली नाही.

निघण्यापूर्वीचा आणखी एक प्रघात कोकणातील मुस्लिम गावांत आजही पाळला जातो. यात्रेस निघणारा माणूस शेजारीपाजारी, भाऊबंद आणि ज्यांच्याशी बांधावरून किंवा वाटणीवरून तंटा झाला असेल अशांच्या घरी जातो आणि झाल्यागेल्याची माफी मागतो. देवाचे अपराध देव क्षमा करील, परंतु माणसाचे देणे माणसानेच माफ केले पाहिजे, अशी त्यामागील धारणा आहे. अशा रीतीने हजचा पहिला टप्पा गावातच पुरा होतो आणि काहींच्या बाबतीत तोच सर्वांत अवघड ठरतो.

रस्ता बंद झाला तेव्हा

सामर्थ्याच्या या अटीचा खरा कस रस्ता बंद झाल्यावर लागतो, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असे प्रसंग अनेकदा आले आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ हे मध्ययुगात मक्केकडे जाणाऱ्या यात्रेकरूंचे मोठे बंदर होते. तेथील खाडीकाठी असलेली शाही मशीद, जी लोकांत अंडा मशीद म्हणून प्रसिद्ध आहे, १६५९-६० च्या सुमारास बांधली गेली. तिच्याविषयीची परंपरा अशी, की विजापूरच्या आदिलशाही घराण्यातील आयेशाबीबी ही मक्केस जाण्यासाठी लवाजम्यासह दाभोळास आली, परंतु समुद्रमार्ग निर्धोक नसल्याने तिला पुढे जाता आले नाही. तेव्हा यात्रेसाठी आणलेले धन धर्मकार्यात खर्च करावे, असा सल्ला तिला मिळाला व त्यातून ही मशीद उभी राहिली. या कथेतील तपशिलांची ऐतिहासिक छाननी अभ्यासक करोत. लोकमानसाने ती साडेतीन शतके जपली, हेच अधिक उद्बोधक आहे. तिथे न पोचलेल्या यात्रेलाही फळ असते, हे त्या मानसाने मान्य केले होते.

दुसरा प्रसंग मुंबईचा. १८९६ साली मांडवी भागात गाठीच्या प्लेगची साथ सुरू झाली आणि पाहता पाहता गिरगावसह सारे शहर तिच्या विळख्यात सापडले. १८९७ साली शासनाने मुंबईतून हजयात्रेकरूंची वाहतूक बंद केली. त्यापूर्वी १८६५ साली मक्केत पटकीची साथ पसरून सहस्रावधी यात्रेकरू मृत्युमुखी पडले होते आणि ती साथ पुढे युरोपपर्यंत गेली होती. तेव्हापासून हजच्या वाहतुकीकडे सर्व राष्ट्रे आरोग्याच्या दृष्टीने पाहू लागली आणि तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर यात्रेकरूंना विलग ठेवण्याचा शिरस्ता पडला. तिसरा प्रसंग अगदी अलीकडचा आहे. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी कोविडच्या साथीमुळे सौदी अरेबियाबाहेरून एकाही यात्रेकरूस प्रवेश मिळाला नाही. आयुष्यभर पै-पै साठवून ज्यांची निवड झाली होती, अशा अनेक वृद्धांना घरी राहावे लागले. त्यांच्या दुःखाची कल्पना करता येते. परंतु धर्मशास्त्राच्या दृष्टीने त्यांच्याकडून कोणतीही चूक घडली नव्हती. मार्गच नसेल तर कर्तव्यही स्थगित होते.

याउलट, मार्ग खुला असूनही सामर्थ्य नसलेले यात्रेकरू हा ब्रिटिश अमदानीतील एक मोठा प्रशासकीय प्रश्न होता. परतीचे भाडे जवळ नसलेले शेकडो लोक जिद्द्यास अडकून पडत. १८८६ साली शासनाने या वाहतुकीची व्यवस्था टॉमस कुक या प्रवासी कंपनीकडे सोपविली. ती व्यवस्था १८९३ पर्यंत चालली. पुढे परतीचे तिकीट काढणे किंवा तेवढी रक्कम अनामत ठेवणे सक्तीचे करण्यात आले. स्वातंत्र्योत्तर काळात १९५९ च्या हज समिती कायद्याने यात्रेची व्यवस्था वैधानिक समितीकडे आली आणि २००२ च्या कायद्याने तिची पुनर्रचना झाली. विमानभाड्यात दिल्या जाणाऱ्या शासकीय अनुदानाविषयी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. तो देताना न्यायालयाने कुराणातील सामर्थ्याच्या अटीचाच आधार घेतला होता. जानेवारी २०१८ मध्ये हे अनुदान पूर्णतः बंद झाले. जी यात्रा स्वतःच्या कष्टार्जित धनाने करावयाची, तिला सरकारी मदत कशाला, असा प्रश्न मुस्लिम समाजातील अनेक जाणत्या मंडळींनी त्यापूर्वीच उपस्थित केला होता, हेही येथे नोंदविले पाहिजे.

दोन शुभ्र वस्त्रे

१८७७ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढे मोगल लाइन या नावाने प्रसिद्धीस आली. तिची ‘मोहम्मदी’, ‘नूरजहाँ’, ‘अकबर’ ही जहाजे कोकणापासून काश्मीरपर्यंतच्या मुस्लिम घरांत नावाने ओळखली जात. १९८६ साली ही कंपनी भारतीय नौवहन महामंडळात विलीन झाली आणि १९९५ नंतर मुंबईहून समुद्रमार्गे होणारी हजयात्रा थांबली. जहाजाच्या दिवसांत यात्रेकरूला मनाची तयारी करण्यास भरपूर अवधी मिळे. अनोळखी प्रांतांतील माणसे एकाच डेकवर राहत, एकमेकांची भाषा शिकत. दक्षिणेकडून येणाऱ्यांसाठी ठरलेल्या यलमलम या स्थानाच्या समोर जहाज आले, की भोंगा वाजे. मग सारे पुरुष स्नान करून अंगावरील शिवलेले कपडे उतरवीत आणि पांढऱ्या कापडाचे दोन तुकडे, एक कमरेस व एक खांद्यावर, असे धारण करीत. यालाच ‘इहराम’ म्हणतात. आता विमान जिद्द्यास काही तासांत पोचते, त्यामुळे बहुतेकांचा इहराम घरी किंवा विमानतळावरच बांधला जातो.

इहराम हा शब्द वस्त्रापेक्षा अवस्थेचा निदर्शक आहे. स्त्रिया आपले नेहमीचे साधे कपडे घालूनही इहराममध्ये असतात. या अवस्थेत सुगंध लावायचा नाही, केस व नखे काढायची नाहीत, भांडण किंवा अपशब्द वर्ज्य, आणि शिकार तर पूर्णतः निषिद्ध. मक्केच्या पवित्र परिसरातील रानटी झाडझुडूप तोडण्यासही मनाई आहे. जी यात्रा कुर्बानीपर्यंत नेते, तिच्यात कुर्बानीपूर्वी माणसाला प्राणी व वनस्पती यांच्याशी निर्वैर राहण्याचे बंधन घातलेले आहे. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय दोहोंपैकी एकीचाही अर्थ नीट लागत नाही.

शिवण नसलेल्या या पांढऱ्या वस्त्राचे साम्य कोणत्याही मुसलमानास तत्काळ ओळखू येते. मृताला अशाच न शिवलेल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून दफन करतात. राजा आणि हमाल, साहुकार आणि ऋणको यांची ओळख पटविणारे सारे चिन्ह गळून पडते आणि माणूस जिवंतपणीच स्वतःच्या अंत्ययात्रेचा वेश घालून चालू लागतो. अनेक यात्रेकरू हा इहराम जमजमच्या पाण्यात भिजवून, वाळवून परत आणतात आणि पेटीच्या तळाशी जपून ठेवतात. घरातील माणसांना सांगितलेले असते, की वेळ येईल तेव्हा हेच कापड कफन म्हणून वापरावे. गिरगावच्या सीमेवर, मरीन लाइन्स स्थानकाजवळ, चंदनवाडीची स्मशानभूमी आणि बडा कब्रस्तान एकमेकांच्या निकट आहेत. त्या कब्रस्तानात अशी मक्केची वस्त्रे पांघरून विसावलेले किती असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

हजचे मुख्य विधी जिल्हिज महिन्याच्या ८ ते १२ किंवा १३ तारखांच्या दरम्यान होतात. काबाभोवती सात प्रदक्षिणा घालतात. सफा व मरवा या दोन टेकड्यांमधील सात फेऱ्या हे हजरत इब्राहीम यांच्या पत्नी बीबी हाजरा यांचे स्मरण होय. निर्जल खोऱ्यात तान्ह्या इस्माईलला ठेवून पाण्यासाठी ती माता या टेकड्यांमध्ये धावली आणि अखेर बाळाच्या पायाशी जमजमचा झरा फुटला, अशी श्रद्धा आहे. तहानलेल्या लेकरासाठी धावणाऱ्या एका एकट्या स्त्रीची ती पावले जगभरच्या पुरुषांनी व राजांनी गिरवावीत, याहून बोलका विधी सहसा आढळणार नाही. मीना येथे तीन स्तंभांवर खडे मारतात. इब्राहीम आज्ञापालनास निघाले असता सैतानाने त्यांना परावृत्त करण्याचा यत्न केला, त्याचे ते स्मरण आहे. आपल्याच मनातील मोहावर खडा मारावयाचा, असा सूफी साधकांनी त्याचा अर्थ लावला आहे.

या साऱ्यांत हजचा गाभा म्हणजे ९ तारखेस अराफातच्या मैदानावर दुपारपासून सूर्यास्तापर्यंत थांबणे. आश्चर्य असे, की तेथे करावयाचे असे जवळजवळ काहीच नसते. प्रदक्षिणा नाही, बळी नाही, वास्तू नाही. उघडे मैदान आणि माणसे. उभे राहावे, आठवावे, क्षमा मागावी. हे थांबणे चुकले तर बाकी सारे विधी करूनही हज होत नाही. इ. स. ६३२ मध्ये आपल्या अखेरच्या हजच्या वेळी प्रेषित महंमद यांनी येथेच जे प्रवचन केले, त्यात प्रत्येकाचे प्राण व वित्त पवित्र असल्याचे सांगून जुनी सूडाची वैरे आणि सावकारी व्याज रद्द केले होते. अरब आणि अरबेतर यांत वंशावरून श्रेष्ठ-कनिष्ठ नाही, ही शिकवणही मुस्लिम परंपरा त्याच प्रवचनाशी जोडते.

कुर्बानी : कोणी काय द्यावयाचे

अराफातच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे जिल्हिजच्या १० तारखेस, मीना येथे यात्रेकरू आणि जगभर आपापल्या गावी इतर मुसलमान कुर्बानी करतात. ‘कुर्बान’ या शब्दाच्या मुळाशी जवळीक हा अर्थ आहे. जे दिल्याने ईश्वराशी सान्निध्य साधते ती कुर्बानी. तिचा उगम हजरत इब्राहीम यांच्या स्वप्नात सांगितला जातो. वृद्धापकाळी लाभलेल्या पुत्राचा बळी देण्याची आज्ञा त्यांना स्वप्नात झाली. कुराणात या पुत्राचे नाव दिलेले नाही; मुस्लिम परंपरा त्यास इस्माईल मानते, तर यहुदी व ख्रिस्ती परंपरेत तो इसहाक होय. कुराणातील कथेचे वैशिष्ट्य असे, की पिता पुत्रास फसवून नेत नाही. तो त्याला स्वप्न सांगतो आणि त्याचे मत विचारतो. पुत्र आपण होऊन संमती देतो. दोघांनी मान तुकविली त्या क्षणीच परीक्षा संपली. सुरी चालली नाही आणि पुत्राच्या जागी मेंढा आला. माणसाचा बळी ईश्वरास नको आहे, हे या कथेचे एक फलित मानले पाहिजे. जी वस्तू सोडणे सर्वांत कठीण, तीवरील स्वामित्वाची भावना सोडण्याची सिद्धता त्याला हवी आहे, हे दुसरे.

कुराणाच्या ‘अल-हज’ याच नावाच्या बाविसाव्या अध्यायात या विषयीचा निर्वाळा निःसंदिग्ध आहे. कुर्बानीच्या प्राण्याचे मांस व रक्त ईश्वराकडे जात नसून, करणाऱ्याच्या अंतःकरणातील ‘तकवा’, म्हणजे ईश्वराची जाणीव ठेवून केलेले वर्तन, तेवढेच त्याच्याकडे रुजू होते, असा त्याचा आशय आहे. सर्वांत महागडा बकरा कोणी घेतला याची चढाओढ आणि त्याचे प्रदर्शन या कसोटीस कितपत उतरते, हे वेगळे सांगावयास नको. समाजातील धर्मज्ञच दरवर्षी त्याविरुद्ध बजावीत असतात.

शास्त्राने घातलेले व्यावहारिक नियमही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. प्राणी निरोगी व अव्यंग असावा. लंगडा, आंधळा किंवा खंगलेला प्राणी चालत नाही, कारण टाकाऊ वस्तू देणे म्हणजे देणे नव्हे. सुरी त्याच्या डोळ्यांसमोर पाजळू नये, एका प्राण्यासमोर दुसऱ्याची कुर्बानी करू नये. खाटकाची मजुरी मांसातून किंवा कातड्यातून देता येत नाही. ती वेगळी रोख द्यावी लागते, जेणेकरून दिलेल्या वस्तूतून स्वतःचा खर्च भागविला असे होऊ नये. मांसाचे तीन वाटे करून एक घरासाठी, एक आप्तमित्रांसाठी व एक गरिबांसाठी ठेवण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आहेत. त्यांच्या शास्त्रानुसार गरिबांना काही भाग देणे अनिवार्यच ठरते. उलट खुद्द कुर्बानी ही हनफी मतानुसार ऐपतदारावर बंधनकारक, तर शाफई मतानुसार आग्रहाने सांगितलेली परंतु न केल्यास दोष न लागणारी, असा भेद आहे. कातडी मदरसे व अनाथालये यांना देण्याचा प्रघात आहे. अलीकडे कातड्यांचे भाव कोसळल्याने या संस्थांच्या उत्पन्नास मात्र मोठी खोट बसली आहे. मीना येथे पूर्वी मांसाची फार नासाडी होत असे. १९८३ पासून इस्लामी विकास बँकेच्या सहकार्याने ते गोठवून गरीब देशांत पाठविण्याची योजना सुरू झाली.

मुंबईत १९७१ साली सुरू झालेल्या देवनार येथील पालिकेच्या पशुवधगृहात ईदपूर्वी बकऱ्यांचा मोठा बाजार भरतो. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतून लाखाहून अधिक बकरे तेथे येतात. वर्षभर दोन-चार बकरे पोसणाऱ्या धनगर, शेतमजूर व विधवा स्त्रिया यांच्या हाती या दिवसांत रोख पैसा पडतो. त्यांच्यापैकी बहुसंख्य हिंदू असतात. राज्यात १९७६ च्या पशु संरक्षण कायद्याने गाईच्या आणि २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल व वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. शास्त्राने शेळी-मेंढी पुरेशी मानलेली असल्याने या कायद्याचे पालन करताना धर्मकर्तव्यात उणेपणा येत नाही, हे गावपातळीवर समजावून सांगणे उपयुक्त ठरते.

दोन पंचांग, एक चंद्र

कुर्बानीचा काळ एका दिवसाचा नाही. हनफी मतानुसार तो १० ते १२ आणि शाफई मतानुसार १० ते १३ जिल्हिज असा असतो. पहिल्या दिवशी ईदच्या नमाजानंतरच ती करावयाची, एवढीच अट. या लवचीकतेचे मोल महाराष्ट्रास नुकतेच कळून आले. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असल्याने ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. मराठी पंचांगही महिने चंद्रावरूनच मोजते, परंतु अधिक मास घालून ते ऋतूंशी जुळवून घेते. त्यामुळे जिल्हिज आणि आषाढ हे महिने साधारण बत्तीस-तेहेतीस वर्षांनी लागोपाठ दोन-तीन वर्षे एकत्र येतात. २०२१ साली आषाढी एकादशी २० जुलैस आणि बकरी ईद २१ जुलैस आली. २०२२ मध्ये दोन्ही १० जुलैस आणि २०२३ मध्ये दोन्ही २९ जूनला आल्या.

एकादशीस पंढरपूर वारकऱ्यांनी फुललेले असताना व गावोगावी उपवास असताना कुर्बानी करावी किंवा कसे, हा प्रश्न या दोन वर्षी अनेक गावांतील मुस्लिम मंडळींसमोर उभा राहिला. स्वतः पंढरपुरात आणि राज्यातील इतर कित्येक गावांत त्यांनी त्या दिवशी फक्त नमाज अदा करून कुर्बानी पुढील दिवसावर नेण्याचे ठरविले. निर्णय त्यांनी आपण होऊन घेतला आणि पोलीस ठाण्यांतील बैठकांत तो कळविला. यात धर्मास मुरड घातली गेली, असे समजण्याचे कारण नव्हते. शास्त्राने जे दिवस मोकळे ठेवले होते, त्यांतीलच एक त्यांनी निवडला. शेजाऱ्याचा उपवास जपण्यासाठी एक दिवस थांबणे हेही सोडून देण्याचाच एक प्रकार होता.

२०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि दोन्ही पंचांगे पुन्हा एका महिन्याने अलग झाली. २०२४ साली बकरी ईद १७ जूनला व आषाढी १७ जुलैस आली. त्या एकादशीच्याच दिवशी मुहर्रमची दहावी तारीख होती. ज्या गावांत ताबूत व दिंडी एकाच रस्त्याने जातात, तेथे वेळा ठरविण्यासाठी आदल्या दोन वर्षी बसलेली मंडळी पुन्हा एकदा एकत्र बसली.